गावची निगा कोणी राखावी?

इतिहासात बांधणाऱ्यांची नावे सापडतात, राखणाऱ्यांची सापडत नाहीत. अमक्या राजाने देऊळ बांधले, तमक्या सरदाराने बारव खोदली, एखाद्या साहेबाने पूल उभारला, अशा नोंदी शिलालेखांत, बखरींत आणि गॅझेटियरांत मिळतात. पण त्या बारवेतला गाळ पुढे शंभर वर्षे कोणी उपसला, देवळाच्या शिखरावर उगवलेला पिंपळ कोणी उपटला, पावसाळ्यात वाहून गेलेली वाट कोणी बुजविली, हे शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. आणि गाव टिकते ते तर या दुसऱ्या कामावर. म्हणून आज आम्ही बांधणाऱ्यांचा नव्हे, राखणाऱ्यांचा इतिहास श्रोत्यांपुढे मांडण्याचे योजिले आहे. विषय साधा आहे, किंबहुना रुक्षही वाटेल. परंतु त्याच्या पोटात न्यायाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, हे पुढे दिसून येईल.

या विषयाला सिन्नरइतके सोयीचे स्थळ क्वचितच मिळेल. यादवांची ही जुनी राजधानी. त्यांच्या काळचे गोंदेश्वराचे पंचायतन येथे उभे आहे. मध्ये शिवाचे मोठे देऊळ आणि चार कोपऱ्यांस चार लहान देवळे, असा हा संसार आठशे वर्षांहून अधिक काळ ऊनपाऊस सोशीत राहिला. यादवांचे राज्य गेले, त्यानंतरची राज्येही गेली. आज पुरातत्त्व खाते देवळाची काळजी वाहते. पण दगडाचे देऊळ काही काळ निगेवाचूनही तग धरते. पाण्याच्या पाटाचे, वेशीचे, विहिरीचे आणि रस्त्याचे तसे नाही. दोन पावसाळे दुर्लक्ष झाले, की ती कामे निकालात निघतात. मग देशात राजे बदलत असता गावोगावची ही लहान कामे चालली कशी?

याचे पहिले उत्तर गावगाड्यात आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली या मुलखाचा अहवाल लिहिला. दख्खनमधील प्रत्येक गाव म्हणजे राज्यकारभाराची सारी अंगे असलेली एक लहानशी संस्थाच आहे, असा त्याचा अभिप्राय होता. वरचे सरकार नाहीसे झाले तरी गाव स्वतःचे रक्षण करू शकेल, असे त्यास वाटले. पाटील गावचा पुढारी, कुलकर्णी दप्तर राखणारा, चौगुला पाटलाचा मदतनीस. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट हे बलुतेदार. वेशीवर येसकर. सुतार-लोहाराने नांगर-कुळव दुरुस्त करावे आणि सुगीत खळ्यावर आपला वाटा घ्यावा. दरेक कामास दर वेळी पैसा मोजण्याचा रिवाज नव्हता. वर्षभराचे काम आणि वर्षाचा वाटा, असा तो करार होता.

त्याखेरीज गावाचा सामाईक खर्चही असे. देवळाचा दिवाबत्तीचा खर्च, वेशीची व चावडीची दुरुस्ती, पाहुण्या-पांथस्थांची सोय, उत्सव, यांकरिता गावखर्च म्हणून रक्कम काढली जाई. जुन्या कागदांत तिला ‘सादिलवार’ असेही म्हटलेले आढळते. तिचा जमाखर्च कुलकर्णी लिही. त्यात लबाडी होत नसे असे नाही, पाटील-कुलकर्ण्यांनी या रकमेवर हात मारल्याच्या तक्रारी त्या काळीही होत्या. पण गावच्या गरजेसाठी गावातच जमलेला आणि गावातच खर्ची पडणारा पैसा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

येथवर ऐकून कोणास वाटेल की जुने तेच सोने. आम्ही तसे म्हणणार नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहून या व्यवस्थेची अंतर्बाह्य तपासणी केली. महसूल खात्यातील नोकरीमुळे त्यांनी गावे जवळून पाहिली होती. गावगाड्याची चाके कशी कुरकुरतात आणि कोणाच्या अंगावरून जातात, हे त्यांच्या पुस्तकात दिसते. त्याहून स्पष्टपणे ही गोष्ट मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गावची निगा राखण्याचे कष्टाचे व हलके समजले गेलेले काम जन्माने ठरलेल्या माणसांच्या माथी होते. सरकारी कागद पोचविणे, हद्दी दाखविणे, गस्त घालणे, चावडीपुढची जागा झाडणे, मेलेली जनावरे ओढणे, आल्यागेल्या अंमलदाराच्या तैनातीस राहणे, ही महार वतनदारांची कामे होती. त्यांस दिवस-रात्र नव्हती, आणि एकाच्या बदल्यात साऱ्या कुटुंबास राबावे लागे. मोबदला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तुकडे पडलेली वतनी जमीन आणि शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते.

१९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ज्यास वतन सोडून मोकळे व्हावयाचे असेल त्यास तशी मुभा असावी आणि कामाचा मोबदला निश्चित असावा, असा त्याचा रोख होता. कौन्सिलातील विरोध पाहून त्यांना ते पुढे मागे घ्यावे लागले. यानंतरची एक घटना तर खुद्द सिन्नरची आहे. सरकारने महार वतनाच्या जमिनींवरील जुडी वाढविली, तेव्हा ऑगस्ट १९४१ मध्ये महार, मांग व वेठिया यांची परिषद सिन्नर येथे भरली आणि बाबासाहेबांनी या वाढीव पट्टीविरुद्ध आवाज उठविला. काम गावाचे, मोबदला अपुरा, आणि त्या अपुऱ्या मोबदल्यावरही वाढीव कर. हा हिशेब कोणत्या न्यायात बसतो, हा त्या परिषदेचा प्रश्न होता. गोंदेश्वराची कीर्ती सांगणाऱ्या सिन्नरकराने ही परिषदही तितक्याच अभिमानाने सांगितली पाहिजे, असे आम्हांस वाटते. पुढे मुंबई राज्याने १९५८ साली कनिष्ठ गाववतने रद्द करण्याचा कायदा केला आणि शतकानुशतकांचे ते बंधन कायद्याने तुटले. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली.

बंधन तुटले हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर एक प्रश्न मोकळा सुटला. पूर्वी जे काम सक्तीने करून घेतले जात होते ते आता कोणी करावयाचे?

हा प्रश्न आपल्याच देशाला पडला असे कोणी समजू नये. ज्या इंग्रजांनी आम्हांस स्थानिक स्वराज्याचे धडे दिले, त्यांच्या खेड्यांनाही तो पडला होता. तेथे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीस पॅरिश म्हणतात. १५५५ साली, मेरी राणीच्या कारकिर्दीत, कायदा झाला की प्रत्येक पॅरिशमधील रहिवाशांनी वर्षातून चार दिवस रस्त्यांच्या दुरुस्तीस फुकट राबावे. ज्यांची जमीन अधिक त्यांनी गाडी, बैल वा घोडे आणि माणसे पाठवावीत. काही वर्षांतच चाराचे सहा दिवस झाले. देखरेखीस पॅरिशमधूनच दरसाल निरीक्षक नेमीत, त्यांसही पगार नसे. म्हणजे ही एक प्रकारची वेठच होती. एवढाच फरक, की ती एका जातीच्या माथी नसून साऱ्या पॅरिशवर होती. तरीही परिणाम काय झाला? धनिक माणसे कमकुवत गडी पाठवीत, निरीक्षक शेजाऱ्याशी वाकडेपणा नको म्हणून कानाडोळा करी, आणि रस्ते चिखलातच राहत. अखेर १८३५ साली ही पद्धत कायद्याने मोडून तिच्या जागी कर आला. १८९४ साली गावोगाव निवडलेल्या पॅरिश कौन्सिलांची तरतूद झाली. लहान वस्तीत कौन्सिल नसले तरी रहिवाशांची सभा भरे. या कौन्सिलांत मत देण्याचा व निवडून येण्याचा हक्क स्त्रियांनाही मिळाला, त्या वेळी त्यांना पार्लमेंटचे मत मिळावयास अजून चोवीस वर्षे अवकाश होता. सक्तीने राबविलेल्या हातांनी रस्ता नीट होत नाही, हा धडा इंग्लंडला शिकावयास पावणेतीनशे वर्षे लागली.

हेच इंग्रज आमच्याकडे काय करीत होते, ते आता पाहू. रयतवारीने सरकार प्रत्येक खातेदाराशी निराळा व्यवहार करू लागले, आणि गाव म्हणून जे एकत्र जमत असे व खर्च करीत असे त्याचे महत्त्व ओसरले. गावखर्चाची मोकळीक आखडली. तिची जागा वरून येणाऱ्या व्यवस्थेने घेतली. १८६९ च्या कायद्याने सारावसुलीच्या रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड कायदेशीर झाला. त्यातून रस्ते, विहिरी, धर्मशाळा व शाळा यांचा खर्च भागू लागला. काम झाले, नाही असे नाही. पण आणा गावातून जाई आणि त्याचा विनियोग जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टरच्या मेजावर ठरे. ‘आमची विहीर’ होती ती ‘लोकल फंडाची विहीर’ झाली. विहिरीचा कठडा ढासळला तर पूर्वी गावकरी चावडीवर जमत, आता ते अर्ज लिहू लागले. अर्ज लिहिण्याची ती सवय आजतागायत सुटलेली नाही.

शहरांची गोष्ट थोडी वेगळी घडली. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वये, रहिवाशांची इच्छा असेल तेथे नगरपालिका स्थापन करता येई. सिन्नरची नगरपालिका १८६० सालची, म्हणजे खुद्द नाशिकच्या नगरपालिकेहूनही चार वर्षांनी जुनी. त्या काळी नगरपालिका म्हणजे मुख्यतः सरकारने नेमलेली मंडळी असत. लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांना जागा मिळू लागली ती लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर. १८८४ साली जिल्हा व तालुका लोकल बोर्डेही आली. तथापि मतदार थोडे, करदात्यांतलेच, आणि कारभाराची दोरी बव्हंशी सरकारच्या हाती. स्वराज्याचे हे अंकुर होते खरे, पण ते कुंडीतले.

तरीही या संस्थांनी एक फार मोठा विचार रुजविला. तो असा, की जे सार्वजनिक पैशाने बांधले वा राखले जाते, ते सर्वांचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली आणि राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायकचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. ‘राखलेली’ या शब्दाकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. तळे कोणी का बांधलेले असेना, ते राखण्यास सर्वांचा पैसा लागला की त्यावर सर्वांचा हक्क उत्पन्न होतो. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळे पूर्वीसारखेच बंद राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कागदावरचा तो ठराव प्रथम खरा झाला. नगरपालिकेने त्याच वर्षी घाबरून आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयांत दहा वर्षे चालले आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने तळ्यावर बंदीची पूर्वापार वहिवाट सिद्ध होत नाही असे ठरविले. नगरपालिकेच्या इतिवृत्तात एक ओळ लिहिणे निराळे आणि ती ओळ पाळणे निराळे, हे महाडने सर्व महाराष्ट्रास शिकविले.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. सक्तीवाचून आणि सरकारवाचून गावकऱ्यांनी सामाईक काम राखल्याचे उदाहरण आहे काय? आहे, आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहे. बागलाणात मोसम व आरम नद्यांवर आणि शेजारच्या खानदेशात पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे कित्येक पिढ्या चालत आले. नदीवर आडवा बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, मग कोणाची जमीन किती का असेना. त्यामुळे पाणी देणे सोपे जाते आणि चोरी लपत नाही. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी क्षेत्राच्या मानाने द्यावयाचा. हंगामापूर्वी पाटातला गाळ व गवत सर्वांनी मिळून काढावयाचे. ज्याने काम चुकविले त्याचा जाब पंचांनी विचारावयाचा. ही व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे, कारण ज्यास जमीन नाही त्यास या पाण्यात वाटा नव्हता. पण राखण्याचे काम, त्याचा लाभ आणि त्याचा खर्च ही तिन्ही एकाच मंडळींच्या अंगी लागलेली होती. ती टिकली यामागचे रहस्य हेच.

सिन्नर तालुक्यातही देवनदीवर असे जुने बंधारे आणि पाट आहेत. पश्चिमेच्या डोंगरातून निघून ही नदी पुढे गोदावरीस मिळते. तालुका पर्जन्यछायेतला, पाऊस बेभरवशाचा. म्हणून पावसाळ्यातील वाहते पाणी उताराने शिवारात फिरविण्याची ही युक्ती फार मोलाची होती. त्यास इंजिन लागत नाही की वीज लागत नाही. पण विहिरी वाढल्या, त्यांवर पंप बसले, आणि ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या बांधात आले. मग पाटाचा गाळ काढावयास कोण जातो? बंधारे गाळाने भरले, पाट बुजले, काही ठिकाणी पाटावर नांगर फिरला. या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोणारवाडीच्या ‘युवा मित्र’ या संस्थेने शेतकऱ्यांना संघटित करून यांपैकी अनेक बंधारे व पाट पुन्हा वाहते केले, आणि ते राखण्यासाठी पाणी वापर संस्था उभ्या केल्या. नाशिकजवळ ओझर येथे बापू उपाध्ये व त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या सहकाऱ्यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर हाच प्रयोग त्याआधी, १९९० च्या सुमारास, केला होता. दोन्ही ठिकाणी पाणी नवे नव्हते आणि धरणही नवे नव्हते. नवी झाली ती पाळी ठरविणारी सभा.

आता कायद्याने दिलेली सभा कोणती ते पाहिले पाहिजे. १९२० च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्याने गावास निवडलेली पंचायत मिळाली, पण मत प्रौढ पुरुषांपुरते. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला, बळवंतराय मेहता व वसंतराव नाईक यांच्या समित्यांचे अहवाल आले, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचा आधार मिळाला. २०११ पासून महाराष्ट्रात या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. गावच्या पाण्याची वणवण ज्यांच्या डोक्यावर होती, त्या आता पाण्याच्या ठरावावर सही करतात, हे परिवर्तन लहान नव्हे.

अधिकार आले, निधीही आला. परंतु निधी बहुधा बांधण्यास येतो, राखण्यास येत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर महाराष्ट्रभर पाझर तलाव व बंधारे झाले, लाखो लोकांची पोटे त्यावर भरली. त्यांपैकी कितींचा गाळ पुढे वेळच्या वेळी निघाला? नव्या कामास नारळ फुटतो, कोनशिला बसते, छायाचित्र निघते. गटार साफ झाले म्हणून कोनशिला बसल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. पाणीपुरवठ्याची योजना वाजतगाजत येते आणि पाणीपट्टी थकली की पंपाची वीज तुटते. संत गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले, आणि आधी गाव झाडून मग रात्री कीर्तनास उभे राहिले. त्यांच्या नावाने २००० साली शासनाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, त्यात अनेक गावांचे रूप पालटले. पण बक्षिसाचे वर्ष सरल्यावर खराटा कोणाच्या हाती राहिला, हीच त्या गावांची खरी परीक्षा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या गावाजवळ राखण्याची व्यवस्था होती, पण ती काहींच्या मानेवर जू ठेवून उभी होती. नव्या गावाने ते जू काढून टाकले, पण त्याच्या जागी सर्वांच्या खांद्यावर सारखा भार अजून नीट घेतलेला नाही. आजही नाला साफ करावयास जो उतरतो तो बहुधा त्याच घरांतला असतो, ज्या घरांस पूर्वी वतनाने बांधले होते. वतनाचा कायदा गेला, सवय राहिली. म्हणून ज्या गावात सफाईचे काम योग्य वेतनावर, योग्य साधनांनिशी आणि कोणत्याही जातीचा माणूस करतो, तेच गाव स्वराज्यास पोचले असे आम्ही मानू.

हे साधावयास नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेत आणि नगरपालिकेच्या सभेत दरसाल तीन गोष्टी मोठ्याने विचाराव्यात. यंदा नवे काय बांधणार, याआधी जुने काय काय दुरुस्त करणार? त्याचा पैसा कोणाकडून किती, आणि हिशेब कोणत्या फळ्यावर लागणार? आणि त्या कामाचा लाभ शेवटच्या घरास मिळतो की नाही? ज्या सभेत हे प्रश्न निघत नाहीत ती सभा कोरम भरूनही रिकामी आहे. श्रोत्यांपैकी पुष्कळांना ग्रामसभेची वा नगरपालिकेची तारीखही ठाऊक नसते, आणि व्याख्यानाची मात्र असते. व्याख्यानास आपण आलात याचा आम्हांस आनंद आहे. पुढच्या सभेसही जावे, आणि जाताना शेजाऱ्यास बरोबर न्यावे.